डोकं सापडलेलं नाही

किंग काँग, सिंदबाद किंवा सांगाड्यांशी तलवारीने लढणारा जेसन यांचा विषय निघाला की हल्ली एक ठरलेलं मत ऐकू येतं. हे राक्षस त्या काळी चालले, कारण प्रेक्षक भोळा होता. संगणक आल्यावर त्यांचं गचके खात चालणं पाहून हसूच येतं, आणि ज्यांना ते अजून आवडतात त्यांचं प्रेम चित्रपटापेक्षा स्वतःच्या लहानपणावर जास्त असतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे या मताला आणखी एक शेपूट जोडता येतं. जिथे पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसासमोर खरा वाघ उभा राहतो, तिथे दीड फुटाच्या बाहुल्याचं कौतुक कुणाला असणार? सूर असा, की आता यावर वाद कसला. वाद आहे, आणि तो मूळ गृहीतकाशीच आहे. राक्षस खरा वाटला तरच त्याची मजा, खरा वाटेनासा झाला की मजा संपली, हे इथे न तपासता धरून चाललेलं आहे. ते तपासायला बसलं तर हे मत पार उलटं करून ठेवावं लागतं. त्यासाठी लागणारा सगळा पुरावा हॉलिवूडमध्ये शोधायचीही गरज नाही. काही दादर-नाशिकला मिळतो, बराचसा वैनगंगा आणि प्राणहितेच्या काठी.

आधी तो गचका येतो कुठून ते पाहू. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. जिवंत नट हात फिरवतो तेव्हा एकेका चित्राला लागणाऱ्या क्षणातही तो हात हललेला असतो. म्हणून चित्रात तो किंचित पुसट उमटतो, आणि त्या पुसटपणाच्या आधाराने डोळा एक चित्र पुढच्याला जोडून घेतो. स्टॉप-मोशनचा बाहुला मात्र कॅमेऱ्यापुढे ठार निश्चल असतो. एक चित्र घ्यायचं, पुढे होऊन त्याचा खांदा केसभर, कोपर केसभर, बोट केसभर सरकवायचं, बाजूला व्हायचं, पुन्हा चित्र घ्यायचं. त्यामुळे प्रत्येक चित्र कोरून काढल्यासारखं स्पष्ट येतं, आणि अशी चित्रं लागोपाठ धावली की त्यांच्यामधली फट डोळ्याला जाणवते. गचका म्हणतात तो हाच. कारागिरांना तो कळत नव्हता असं समजू नये. १९८१च्या 'ड्रॅगनस्लेयर'मध्ये चित्र घेताना बाहुला यंत्राने हलवून ते पुसटपण मुद्दाम आणलं गेलं. पण रे हॅरीहाऊसेन हा बाहुलेवाला आयुष्यभर जुन्याच पद्धतीने काम करत राहिला. 'जेसन अँड द अर्गोनॉट्स' (१९६३) या चित्रपटात सात सांगाडे तीन माणसांशी लढतात. पडद्यावर काही मिनिटांत संपणाऱ्या त्या प्रसंगाला साडेचार महिने लागले. दिवसाकाठी सरासरी तेरा चित्रं, म्हणजे दिवसभर राबून पडद्यावर अर्धा सेकंद. त्या आधीचं, 'किंग काँग'चं (१९३३) उदाहरण तर याहून बोलकं आहे. बाहुलेवाल्या विलिस ओब्रायनच्या काँगच्या अंगावर सशाची कातडी होती. दर चित्रागणिक बाहुला हाताळताना बोटांनी ती लव विस्कटायची, आणि पडद्यावर काँगचे केस सतत फुरफुरताना दिसतात. हिशेबाने ही चूकच. पण पाहणाऱ्यांना ते रागाने अंगावर केस उभे राहिल्यासारखं दिसलं. नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाने बोट नेमकं कुठे टेकवलं ते आज आपण पाहू शकतो, आणि तो माणूस मात्र एकाही चित्रात नाही.

आता तो भोळा प्रेक्षक. सगळं मत याच खांबावर तोललेलं आहे, आणि तो खांब दादर-नाशिकच्या दादासाहेब फाळक्यांनीच शंभर वर्षांपूर्वी पाडून ठेवला आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी भांडवल उभं करायला फाळक्यांनी जे दाखवलं, ती एका वाटाण्याची गोष्ट होती. कुंडीत लावलेल्या बीचं महिनाभराहून जास्त काळ रोज एक चित्र, आणि पडद्यावर मिनिटभरात वर येणारा कोंब. चित्रागणिक काळ तोडून पुन्हा जोडायची ही युक्ती तीच, जिच्यावर पुढे काँग उभा राहिला. नंतर त्यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यांना नाचवलं. तेव्हा स्टॉप-मोशन ही आपल्याकडे बाहेरून आलेली हौस आहे, हे म्हणणंही जाता जाता निकालात निघतं. पण खरा पुरावा 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) आहे. या चित्रपटात कृष्णाचं काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी करते, आणि चित्रपट सुरू होतो तो कृष्णापासून नव्हे, मंदाकिनीपासून. तिचा चेहरा दिसतो, त्यावर वेगवेगळे भाव उमटतात, आणि मग त्या चेहऱ्यातूनच कृष्ण प्रकट होतो. बघा, ही माझी लेक, आता ती कृष्ण होईल, असं आधी सांगून मगच फाळके तिला बनवलेल्या नागाच्या फण्यावर उभी करतात. फसवायचं असतं तर कुणी असं केलं असतं का? त्यांनी तर चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा चित्रपटही काढला. ज्याला आपली जादू उघडी पडायची भीती असते तो जादूगार पेटीचं झाकण काढून प्रेक्षकाच्या हातात देत नाही. फाळके ते देतात, कारण प्रेक्षकाला सगळं ठाऊक असूनही तो मान देणार हे त्यांना माहीत होतं. १९१९चा प्रेक्षक भोळा नव्हता, उदार होता. आजचे समीक्षक हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात.

हे औदार्य अजून जिवंत पाहायचं असेल तर दिवाळीनंतर झाडीपट्टीत जावं. धान घरात येतं, मंडई भरते, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं ठाणं. तिथून निघालेल्या मंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत रात्रभर प्रयोग करतात. याच मातीतले परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. या नाटकांच्याही आधीचं इथलं लोकनाट्य, दंडार, घ्या. त्यात बाईचं काम पुरुष करत आला. लुगडं नेसलेला तो कोण, कुणाचा, त्याची बांधी गावाच्या कुठल्या अंगाला, हे समोर बसलेल्या सगळ्यांना माहीत असतं. कुणी म्हणत नाही की हा पुरुष आहे, सबब ही सीता खोटी. रंगवलेल्या पडद्यावरचं अरण्य वाऱ्याने हलतं आणि अरण्यासकट राजवाडाही हलतो, तरी वनवास चालू राहतो. प्रेक्षक पडद्याचं हलणं पाहतो आणि वनवासही पाहतो. या दोन गोष्टी एकाच वेळी पाहता येणं म्हणजेच प्रेक्षक असणं. काँगची फुरफुरणारी लव पाहायला याहून वेगळी कुठली दीक्षा लागत नाही. जो दंडारीत बसला आहे त्याला हॅरीहाऊसेन समजावून सांगावा लागणार नाही. समजावून सांगावं लागतं ते त्याला, ज्याने पडद्यावरची प्रत्येक गोष्ट खरी दिसलीच पाहिजे अशी अट आधीच घालून तिकीट काढलेलं असतं.

मग खऱ्या वाघाचं काय? हा आक्षेप चटकन पटतो, कारण त्यामागे खरी माणसं आणि खरे मृत्यू आहेत, आणि ताडोबाच्या भोवतालच्या गावांना त्याची किंमत ठाऊक आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या गावाच्या शिवेवर वाघ असतो त्या गावाला वाघाची प्रतिमा कमी लागते, असा अनुभव नाही. ताडोबाचं नावच पाहा. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला अशी कथा आहे. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे जत्रा भरते. खरा वाघ समोर आला तर त्याच्याकडे पाहायला सवड नसते. पाहायचं असेल तर त्याला दगडात, लाकडात किंवा गोष्टीत आणून उभं करावं लागतं. चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडा देवळांच्या भिंतींवर व्याल आहेत. सिंहाच्या धडाला भलतीच अंगं जोडून केलेली ही जनावरं कुठल्याच जंगलात सापडणार नाहीत, आणि ती घडवणारे शिल्पी तर खऱ्या वाघांच्या मुलखातलेच होते. 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद' (१९५८) मधल्या एकडोळ्या राक्षसाला हॅरीहाऊसेनने डोक्यावर शिंग आणि पायाला बकऱ्याचे खूर दिले. रीत तीच, फक्त दगडाऐवजी रबर.

लहानपणाच्या ओढीचा मुद्दा मला फारसा टिकाऊ वाटत नाही, म्हणून त्यावर जास्त शाई घालवत नाही. १९३३मध्ये तेरा वर्षांच्या हॅरीहाऊसेनने 'किंग काँग' पाहिला आणि पुढचं आयुष्य त्यावर घालवलं, त्याला लहानपणाची ओढ म्हणा हवं तर. पण २०२२मध्ये गिलेर्मो देल तोरोने 'पिनोकियो' बाहुल्यांनीच केला आणि त्याला ऑस्कर मिळालं. ते पाहणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला कुठलं बालपण आठवत होतं? ते तर त्याच्या अंगात चालूच होतं.

या चित्रपटांवर घेतला जाणारा खरा जड आक्षेप वेगळाच आहे. आश्चर्य असं की त्यांची टिंगल करणारे तो सहसा घेत नाहीत, तो घेण्याचा पहिला हक्क गडचिरोलीचा आहे. या साहसपटांतली जंगलातली माणसं कशी असतात? ढोल, मशाली, अंगावर रंग, आणि कुणा परक्याला बळी द्यायची घाई. काँगचं बेट कवटीचं बेट आहे आणि तिथल्या रहिवाशांना त्यापलीकडे काही ओळख दिलेली नाही. 'द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद' (१९७३) मध्ये तर हिरव्या अंगाची टोळी कालीची पूजा करताना दाखवली आहे. दुष्ट जादूगार त्या सहा हातांच्या मूर्तीत जीव आणतो, ती तलवारी घेऊन सिंदबादच्या माणसांवर तुटून पडते आणि शेवटी खाली कोसळून फुटते. भामरागड-एटापल्लीतल्या माडिया प्रेक्षकाने हे पाहून तोंड फिरवलं तर त्याला चूक म्हणायची सोय नाही. देवीचा राक्षस केला आणि माणसांची गर्दी केली. यावर तो काळच तसा होता म्हणून पांघरूण घालणं मला मान्य नाही. पण दोष नेमका कुठे आहे ते पाहावं. या चित्रपटांतली खोटी वाटणारी पात्रं हाडामांसाची आहेत. त्या टोळ्यांच्या एकाही माणसावर कुणी साडेचार महिने घालवलेले नाहीत. ज्याच्यावर ते घालवले, त्या काँगला स्वभाव मिळाला, कुतूहल मिळालं, आपण खाली पडणार हे कळल्यावरची नजर मिळाली. सहा हातांची मूर्तीही लढाईआधी नाचते तेव्हा तिच्या प्रत्येक मनगटाचा वेगळा विचार झालेला दिसतो. तिची पूजा करणाऱ्यांच्या वाट्याला तेवढा विचार आला नाही. म्हणजे ज्याच्याकडे चित्रामागून चित्र, केसभर सरकवत लक्ष दिलं गेलं ते जिवंत झालं, आणि ज्याला एका बैठकीत गर्दी म्हणून उरकलं ते मेलेलं राहिलं. या आक्षेपाने चित्रपट डागाळतात हे खरंच. पण स्टॉप-मोशनबद्दलचं माझं म्हणणं त्याने उलट बळकट होतं.

संगणकवाल्यांचा मुद्दाही रास्त जागी रास्त आहे. कष्ट मोजायचे तर संगणकावर राक्षस घडवणारेही रात्री जागवतात. नुसत्या घामाच्या हिशेबावर मोठेपण ठरत असतं तर रस्ता फोडणारा मजूर सगळ्यात मोठा कलावंत ठरला असता. फरक कामाच्या जातीत आहे. संगणकावर दोन टोकांच्या मुद्रा ठरवल्या की मधली चित्रं यंत्र भरून काढू शकतं, आणि चुकलं तर मागे जाता येतं. बाहुल्याला मागे नेता येत नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सांगाड्याचा डावा पाय पहिल्याच दिवशी चुकला, तर एक तर ती चूक पोटात घालून पुढे जायचं, नाही तर तीन दिवस फेकून द्यायचे. त्यामुळे जे पडद्यावर येतं ते बरंचसं एकदाच झालेलं असतं, नाटकाच्या प्रयोगासारखं. शिवाय बाहुल्यावर पडलेला उजेड खरा असतो आणि त्याची सावली खऱ्या मातीवर पडते. आणि संगणकाने हा हात कायमचा मोडीत काढला अशी जी कथा सांगितली जाते ती तरी कुठे पुरी खरी आहे? 'जुरासिक पार्क'साठी (१९९३) फिल टिपेटचा बाहुल्यांचा बेत रद्द होऊन संगणक आला, हे सगळे सांगतात. पुढचं वाक्य कमी जण सांगतात. संगणकातल्या डायनोसॉरना जनावरासारखं चालायला शिकवायचं म्हणून सांधे असलेला धातूचा सांगाडा बनवला, त्याला यंत्राच्या तारा जोडल्या आणि तो हलवायला त्याच बाहुलेवाल्यांना बसवलं. ते तो चित्रागणिक हलवत राहिले आणि संगणक ते टिपून घेत राहिला.

तरी एक गोष्ट संगणकाचा डायनोसॉर सहसा करत नाही. आपण बनवलेलो आहोत हे तो सांगत नाही. त्याच्या कातडीवरच्या सुरकुत्या, ओल्या नाकपुड्या, डोळ्यातली चमक पाहून प्रेक्षक घरी जातो तो असं समजून की हे जनावर असंच होतं. यातलं किती आपल्याला ठाऊक आहे याचा हिशेब करायचा तर सिरोंच्याला यावं लागतं. त्या गावाजवळच्या कोटा या खेड्यावरून प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या ज्या खडकांना कोटा थर म्हणतात, त्यांतून पोचमपल्लीजवळ १९६१च्या सुमारास एका महाकाय शाकाहारी जनावराची हाडं निघाली. खणणारी मंडळी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची होती. (संख्याशास्त्राच्या संस्थेने डायनोसॉर खणावा, हेही आपल्याकडेच घडू शकतं.) मांडीचं एक हाड १.७ मीटरचं भरलं, म्हणजे एका माणसाएवढं. त्यावरून नाव पडलं 'बारापासॉरस', बंगालीतला मोठा पाय, आणि रवींद्रनाथांची जन्मशताब्दी असल्यामुळे पुढे 'टागोराय'. शास्त्रीय नामकरण १९७५मध्ये झालं. निदान सहा जनावरांची मिळून तीनशेच्या आसपास हाडं हाती आली. त्यांत दात आहेत. कवटी नाही.

तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याची गोष्ट तर शास्त्रज्ञांनाच शिकवणारी आहे. तिथल्या खडकांत डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठाही मिळते. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असं तोवर धरलेलं होतं, आणि चित्रात त्यांच्या पायाखाली गवत काढणं ही ढोबळ चूक मानली जायची. २००५मध्ये त्या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण सापडले आणि चूक म्हणून खोडलेलं गवत परत उगवलं. हॅरीहाऊसेनच्या 'वन मिलियन इयर्स बी. सी.' (१९६६) मध्ये माणसं डायनोसॉरशी लढतात. ते धादांत खोटं आहे, मधली साडेसहा कोटी वर्षं कुठलंही शेण भरून काढणार नाही, आणि त्याची वकिली मी करणार नाही. पण तो खोटेपणा समोर उभा असतो, कुणाची फसवणूक करत नाही. अचूक दिसणाऱ्या चित्राचा खोटेपणा ओळखायला पिसदुऱ्याची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी लागते.

आणि कोलकात्यात संस्थेच्या संग्रहालयात बारापासॉरसचा सांगाडा उभा केलेला आहे. पाय सिरोंच्याकडचे, पाठीचा कणा सिरोंच्याकडचा, सहा जनावरांतून जुळवलेला. मानेच्या टोकाला डोकंही आहे. ते मात्र खडकातून निघालेलं नाही, कुणीतरी बसून हाताने घडवलेलं आहे.